फादर स्टीफन्स : पुराणातून सांगितलेले बलिदान

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक, इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण'. आणि दुसरी, त्या ग्रंथाच्या आरंभी येणारी मराठी भाषेची स्तुती. यांपैकी भाषास्तुती अधिक परिचित झाली आणि ज्या प्रयोजनासाठी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या गेल्या, ते प्रयोजन काहीसे दुर्लक्षित राहिले. माणसाच्या पापाचे निवारण माणसाने देवाला दिलेल्या बळीने होत नाही, तर देवाने माणसासाठी केलेल्या आत्मार्पणाने होते, हा ख्रिस्ती धर्माचा मध्यवर्ती सिद्धान्त आहे. पुराणे ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपर्यंत तो त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच काव्यप्रकारात पोहोचविणे, हे स्टीफन्स यांचे प्रयोजन होते.

स्टीफन्स यांच्या बाबतीत हा सिद्धान्त केवळ ग्रंथगत नव्हता. ज्या देशात ते जन्मले, तेथे बलिदान या शब्दाच्या अर्थावरून माणसांना कारावास आणि मृत्यू भोगावा लागत होता. ज्या प्रदेशात त्यांनी चाळीस वर्षे काढली, तेथे त्यांच्या सहकाऱ्यांचे रक्त सांडले आणि त्या रक्ताचा सूड म्हणून इतरांचेही सांडले. त्यामुळे 'ख्रिस्तपुराणा'तील बलिदानविचाराकडे जाताना कवीच्या चरित्राचा मार्ग टाळता येत नाही.

१. जन्मभूमी आणि देशत्याग

स्टीफन्स यांचा जन्म इ.स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या धर्मपीठाशी संबंध तोडल्यापासून त्या देशात धर्माची व्यवस्था राजसत्तेप्रमाणे पालटत होती. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली, तेव्हा स्टीफन्स बालवयात होते. पुढील काळात रोमन कॅथलिक पद्धतीची उपासना बेकायदा ठरली आणि जुन्या पंथाला धरून राहिलेल्या कुटुंबांना दंड, जप्ती व तुरुंगवास यांना तोंड द्यावे लागले.

या संघर्षाच्या केंद्रस्थानी मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस यांच्या अर्पणाची उपासना होती. क्रूसावरील ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि कायमचे घडले, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. प्रश्न असा होता, की वेदीवर धर्मगुरू जे अर्पण करतो, ते त्याच बलिदानाचे सत्य रूप मानावे की नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ मध्ये याचे उत्तर होकारार्थी दिले. मिस्सा हे रक्तविरहित रीतीने घडणारे तेच बलिदान होय, असे तिने ठरविले. इंग्लंडच्या चर्चने १५७१ मध्ये मान्य केलेल्या एकोणचाळीस कलमांपैकी एकतिसाव्या कलमात नेमक्या याच शिकवणीचा निषेध आहे. म्हणजे बलिदानाचा अर्थ हा तत्कालीन इंग्लंडात राजनिष्ठेची कसोटी होऊन बसला होता.

तरुण स्टीफन्स यांचा स्नेह थॉमस पाउंड या कॅथलिक गृहस्थाशी जुळला. येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश करावा हा दोघांचाही निश्चय होता आणि त्यासाठी दोघांनी एकत्र देश सोडण्याचे ठरविले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये तेथील संत आंद्रेयाच्या नवदीक्षितगृहात दाखल झाले. त्याच संघातील एडमंड कॅम्पियन हे गुप्तपणे मायदेशी परतले आणि १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनजवळ टायबर्न येथे त्यांना देहदंड देण्यात आला. तोवर स्टीफन्स यांना गोव्यात येऊन दोन वर्षे झाली होती. ज्या पिढीतील निष्ठावंत कॅथलिक मायदेशी मृत्यू पत्करत होते, त्या पिढीतला हा माणूस, जेथे त्याचा धर्म हाच राज्यकर्त्यांचा धर्म होता अशा भूमीत येऊन राहिला होता. ही विसंगती त्यांच्या पुढील आयुष्याची पार्श्वभूमी आहे.

२. गोवा आणि भाषेचा अभ्यास

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. प्रवासाचे वर्णन करणारे जे पत्र त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात वडिलांना लिहिले, ते पुढे रिचर्ड हक्लूट यांच्या प्रवासवृत्तसंग्रहात प्रसिद्ध झाले. गोव्यात पौरोहित्याची दीक्षा घेतल्यानंतर त्यांची नेमणूक मुख्यतः साष्टी प्रांतात झाली. ही साष्टी ठाण्याजवळची नव्हे, तर मडगाव व रायतूर यांच्या आसमंतातील गोव्याची साष्टी होय. तेथील लोक त्यांना पाद्री इस्तेव्हांव या पोर्तुगीज वळणाच्या नावाने ओळखू लागले.

या प्रांतात बोलण्याची भाषा कोंकणी होती आणि धर्मकथा, पुराणे व काव्य यांची भाषा मराठी होती. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. १५८३ च्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या आप्तसंबंधाचा विचार मांडला, त्याच्या दोन शतके आधीची ही नोंद आहे. कोंकणीचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, दियोगु रिबैरु यांच्या संस्करणासह, १६४० मध्ये रायतूरला छापले गेले.

याच १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार हे इंग्रज प्रवासी होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. पोर्तुगिजांच्या लेखी ते हेर असण्याचा संभव होता आणि धर्माच्या दृष्टीने ते पाखंडी होते. त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत स्टीफन्स होते. ज्या राज्यव्यवस्थेने आपल्या मित्राला तुरुंगात डांबले, त्याच राज्याच्या प्रजाजनांसाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. ही घटना लहान असली, तरी त्यांच्या स्वभावाची ती विश्वसनीय साक्ष आहे.

३. कुंकळ्ळी, १५८३

साष्टी प्रांत १५४३ पासून पोर्तुगीज अमलाखाली होता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभेची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास रायतूरच्या किल्लेदाराने साष्टीतील अडीचशेहून अधिक देवळे उद्ध्वस्त केली. प्रांताच्या दक्षिण भागातील कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी या धोरणाला दीर्घकाळ विरोध केला. कर नाकारणे, पाडलेली देवळे पुन्हा उभारणे आणि त्यावर लष्करी मोहिमा येणे, असा क्रम तेथे अनेकदा घडला. १५८३ मध्येही गावांवर अशीच कारवाई झाली होती.

त्याच वर्षी जुलै महिन्यात रुदोल्फो आक्वाव्हिवा यांच्या नेतृत्वाखाली पाच जेझुइट कुंकळ्ळीला गेले. आक्वाव्हिवा हे अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून नुकतेच परतले होते आणि साष्टीच्या मिशनचे प्रमुख झाले होते. क्रूस उभारून चर्चसाठी जागा निवडणे हा या भेटीचा हेतू होता. गावकऱ्यांनी हल्ला केला आणि आक्वाव्हिवा, अल्फोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो, अंतोनियो फ्रान्सिस्को व फ्रान्सिस्को अरान्या हे पाचही जण मारले गेले. त्यांच्यासोबतचे गोन्सालो रोद्रिगेश आणि काही स्थानिक ख्रिस्ती यांनाही प्राण गमवावे लागले. मृतांचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स यांचा सहभाग होता.

त्यानंतर जे घडले, तेही या वृत्तान्ताचा भाग आहे. कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि कोणताही न्यायनिवाडा न करता ठार मारण्यात आले. गावाची जमीन व उत्पन्न जप्त झाले. रोमच्या धर्मपीठाने १८९३ मध्ये पाच जेझुइटांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्यासोबत मेलेल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांचा त्या घोषणेत समावेश झाला नाही. गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

एका घटनेतून बलिदानाचे असे तीन अर्थ निघतात. धर्मसंघाच्या दृष्टीने ते हौतात्म्य होते. गावाच्या दृष्टीने आपली देवळे आणि जमीन यांच्या रक्षणासाठी दिलेली ती किंमत होती. आणि ज्यांची नोंद कोणत्याच यादीत झाली नाही, त्यांच्यासाठी त्याला कोणतेही नाव उरले नाही. ज्यांच्या हातून त्या मृतदेहांची व्यवस्था झाली, त्या कवीला पुढे क्रूसावरील मृत्यूची कथा याच प्रांतातील लोकांना सांगायची होती. तिचे श्रोते दोन्ही बाजूंच्या मृतांचे आप्त आणि शेजारी होते.

४. पुराणाची मागणी

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच ग्रंथाच्या निर्मितीचा प्रसंग येतो. साष्टीत पाद्री धर्मशिक्षण देत असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण त्यांना विनंती करतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. तर त्यांच्या जागी मन रमविणारे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्या विनंतीचा आशय आहे. हा प्रसंग केवळ काव्यसंकेत म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. देऊळ पाडले गेल्यावर मूर्तीबरोबर त्या देवळाच्या आवारात होणारे श्रवणही नाहीसे होते. साष्टीतील रिकामी झालेली जागा ही श्रवणाची जागा होती.

ती जागा मुळात कशी भरलेली असे, याची कल्पना येण्यासाठी गोव्याच्या उत्तर सीमेपलीकडील कुडाळ तालुक्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. तेथील पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जोपासली. सावंतवाडीच्या राजांचा तिला आश्रय मिळाला. कागदावर रंगविलेल्या चित्रांचा एका कथेचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. दिव्याच्या उजेडात एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरायचे आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गात सांगायचे, ही तिची रीत. नवरात्रात देवळातून कथा करण्याचा मान या कथेकऱ्यांकडे असे. पिंगुळीच्या ज्या पोथ्या जतन झाल्या आहेत, त्या स्टीफन्स यांच्या नंतरच्या काळातील आहेत आणि त्यांचा 'ख्रिस्तपुराणा'शी थेट संबंध जोडता येत नाही. तथापि सीमेच्या अलीकडे पुराण हे वाचण्यापेक्षा ऐकण्याचे, एकट्याने अनुभवण्यापेक्षा गावाने मिळून अनुभवण्याचे होते, आणि ते तसेच टिकले, याचा तो ठळक पुरावा आहे. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे ही परंपरा एकविसाव्या शतकापर्यंत पोहोचली. सीमेच्या पलीकडे तिच्यासारख्या श्रवणाला सोळाव्या शतकातच खंड पडला होता.

जेझुइटांनी ही परंपरा बंद पाडण्यापूर्वी आणि पाडत असतानाही तिचा अभ्यास केला होता. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या कोंकणी व मराठी रामायण-महाभारत कथांची हस्तलिखिते आहेत. स्टीफन्स यांच्या ओवीवर मराठी आख्यानकवितेचे जे संस्कार दिसतात, त्यांचे मूळ अशा वाचनात शोधता येते. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ हा आहे. म्हणजे पैठणला 'भावार्थरामायण' सिद्ध होत होते, त्याच सुमारास साष्टीत हा परदेशी कवी ओवीचे वळण गिरवीत होता.

५. ग्रंथाची रचना आणि तिचा अर्थ

'ख्रिस्तपुराणा'चे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू असून सृष्टीची उत्पत्ती, आदिमातापित्यांचे पतन, जलप्रलय आणि इस्राएल लोकांचा इतिहास त्यात येतो. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अवस्वरू असून त्यात ख्रिस्ताचे जन्म, कार्य, यातना, मृत्यू आणि पुनरुत्थान यांचे निरूपण आहे. बायबलच्या जुन्या व नव्या कराराची ही विभागणी असली, तरी तिच्यामागे एक धर्मविचारही आहे. एका माणसाच्या अपराधाने सर्वांवर पाप आले आणि एकाच्याच आज्ञापालनाने सर्वांना मुक्ती लाभली, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडले आहे. आदाम आणि ख्रिस्त ही त्या विचाराची दोन टोके आहेत. स्टीफन्स यांचे पहिले पुराण एका टोकापासून निघते आणि दुसरे पुराण दुसऱ्या टोकाला पोहोचते. त्यामुळे सिद्धान्त वेगळा समजावून सांगण्यापूर्वीच कथेच्या मांडणीतून तो श्रोत्याच्या मनात रुजतो.

हा सिद्धान्त कोकणातील श्रोत्याला सोपा नव्हता. कर्मसिद्धान्तानुसार ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. एकाचा दोष दुसऱ्याला लागत नाही आणि एकाच्या भोगाने दुसरा सुटत नाही. दोषनिवारणासाठी धर्मशास्त्राने स्नान, उपवास, दान इत्यादी प्रायश्चित्ते सांगितली आहेत. पण ती ज्याची त्याने करायची असतात. दुसरीकडे गावपातळीवरचा व्यवहार निराळा होता आणि आहे. दक्षिण कोकणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात, राखणदाराला वर्षाची राखण देतात, कोंबड्याचा बळी देऊन गावावरील संकट टळावे अशी प्रार्थना करतात. येथे अर्पण एकाचे आणि संरक्षण सर्वांचे, ही कल्पना मान्य आहे. मात्र अर्पणाची दिशा ठरलेली आहे. माणूस देतो आणि देवता स्वीकारते.

ख्रिस्ती बलिदानविचाराची सुरुवातही याच दिशेने होते. जुन्या करारातील वल्हांडणाचा कोकरा, प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे ज्याच्या मस्तकी ठेवून रानात सोडला जाई तो बकरा, मंदिरातील नित्य होमार्पणे, या सर्वांत देणारा माणूसच आहे. अब्राहामाच्या कथेत ही दिशा प्रथम डळमळते. पुत्राचा बळी देण्यास सिद्ध झालेल्या पित्याचा हात देवच थांबवितो आणि पर्यायी एडकाही देवच पुरवितो. क्रूसाच्या कथेत दिशा पूर्णपणे उलटते. बळी, पुरोहित आणि ज्याला बळी अर्पण करायचा तो देव, ही तीन स्थाने परस्परांपासून अलग राहत नाहीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस संत आन्सेल्म यांनी याची जी उपपत्ती दिली, ती पाश्चात्त्य चर्चमध्ये दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. अपराध अनंत देवाविरुद्ध असल्यामुळे त्याची भरपाईही अनंत मोलाची हवी. ती देण्याची जबाबदारी माणसाची आहे, पण सामर्थ्य केवळ देवाचे आहे. म्हणून जो देव आहे आणि माणूसही आहे, त्यानेच ती द्यावी लागते.

स्टीफन्स याच शिकवणीत वाढले होते. त्यांच्यापुढील अडचण ती मराठीत आणण्याची होती. पुराणाच्या श्रोत्याला परार्थ देह देणारे अपरिचित नव्हते. वृत्रासुराच्या वधासाठी अस्थी देणारा दधीची, कबुतरासाठी मांस कापून देणारा शिबी, हलाहल प्राशन करणारा शंकर या कथा त्याने ऐकल्या होत्या. पण दधीचीचे दान देवांच्या विजयासाठी होते आणि शिबीची परीक्षा संपताच त्याचा देह पूर्ववत होतो. ज्यांच्यासाठी देह द्यायचा तेच मारेकरी आहेत, आणि देह देणारा स्वतः देव असूनही खरोखर मरतो, असे आख्यान त्या परंपरेत नव्हते. शिवाय ज्या पुराणांवर बंदी होती, त्यांतील दृष्टान्तांचा आधार घेणे पाद्रीला शक्यही नव्हते.

अशा स्थितीत स्टीफन्स यांनी वाद आणि कथा यांपैकी मुख्य भार कथेवर टाकला. देव बाप, स्पिरितू सांतू, क्रूस, बाप्तिस्मा यांसारख्या कल्पनांसाठी त्यांनी चर्चच्या भाषेतील शब्द ठेवले अथवा मराठीत रुळविले. परंतु पाप, मुक्ती, वैकुंठ असे श्रोत्यांच्या जुन्या श्रद्धेतील शब्दही त्यांनी निःसंकोचपणे वापरले. मुक्ती हा शब्द घेतला की त्याच्याबरोबर जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा अर्थही येतो, याची त्यांना जाणीव नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांनी शब्द पालटला नाही. त्या शब्दामागची कथा पालटली. श्रोत्याने दुसरे पुराण ऐकून संपविले, की मुक्ती म्हणजे ज्ञानाने किंवा कर्मक्षयाने मिळणारी सुटका नव्हे, तर एकाने सोसल्यामुळे दुसऱ्याला मिळालेली क्षमा होय, हा नवा अर्थ त्याच्या पदरी पडावा, अशी ही योजना आहे. पोर्तुगीज वा लॅटिन प्रश्नोत्तरीला हे साधले नसते. स्टीफन्स यांनी कोंकणीत प्रश्नोत्तररूप धर्मपाठही रचला. तो १६२२ मध्ये छापला गेला आणि त्याचे स्थान शाळेत होते. पुराणाचे स्थान गावाने एकत्र बसून ऐकण्यात होते.

ओवीची निवडही या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा, अशी ही ओवी घाई न करता पुढे सरकते. क्रूसाकडील वाटेसारखी घटना तिच्यात टप्प्याटप्प्याने, श्रोत्याला थांबून ऐकता येईल अशी उलगडते. विजयी देवाच्या आख्यानासाठी घडलेल्या छंदात पराभूत दिसणाऱ्या देवाचे आख्यान सांगणे, हे स्टीफन्स यांच्या काव्यातील धाडस होय. नारायण वामन टिळक यांनी विसाव्या शतकात 'ख्रिस्तायन' आरंभिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, तेव्हा मराठीत ख्रिस्तकथा आख्यानकाव्यात सांगण्याचा हा मार्ग तीन शतकांचा झालेला होता.

६. मुद्रण, मृत्यू आणि उत्तरकाळ

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. पण देवनागरीचे खिळे नव्हते. डिसेंबर १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी संघाचे सर्वाधिकारी क्लाउदियो आक्वाव्हिवा यांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि लिपीत ग्रंथ छापण्याची अनुमती मागितली. या लिपीसाठी लागणाऱ्या खिळ्यांच्या संख्येचाही त्यांनी हिशेब मांडला होता. कुंकळ्ळीत मारले गेलेले रुदोल्फो हे याच क्लाउदियोंचे पुतणे. ज्यांच्या पुतण्याचा देह आपण पंचवीस वर्षांपूर्वी साष्टीच्या मातीत ठेवला, त्यांच्याकडे त्याच मातीतील लोकांसाठी स्टीफन्स त्यांची लिपी मागत होते. या मागणीत सूडाचा वा दोषारोपाचा सूर नाही. तिच्यातून लिपी मात्र मिळाली नाही. १६१६ मध्ये ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. मायदेश सोडल्यानंतर ते तेथे कधीही परतले नाहीत. ग्रंथाच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या; पण या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी असा हुकूम काढला. तरीही हस्तलिखितांच्या आधारे 'ख्रिस्तपुराण' टिकले. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या मंगळूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे वाचन-गायन चालू राहिले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये तेथील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेव्हा या ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. त्याच परंपरेतील हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात आढळले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. स्टीफन्स यांनी मागितलेली लिपी त्यांच्या ग्रंथाला छापील रूपात मिळण्यास अशी साडेतीन शतके लागली.

७. समारोप

स्टीफन्स यांच्या चरित्राचा विचार करताना दोन टोके टाळावी लागतात. त्यांना केवळ मराठीप्रेमी परदेशी कवी मानले, तर ज्या सत्तेच्या छायेत त्यांचे पुराण जन्मले ती दृष्टिआड होते. देवळे पाडली गेली नसती आणि पोथ्या जप्त झाल्या नसत्या, तर त्या ब्राह्मणाला नवे पुराण मागण्याचे कारणच पडले नसते. उलट त्यांना केवळ त्या सत्तेचे साधन मानले, तर ग्रंथातील विचाराचे स्वरूप हरवते. कारण 'ख्रिस्तपुराणा'च्या केंद्रस्थानी असलेले बलिदान हे बळजबरीने घेतलेले नाही, ते स्वेच्छेने दिलेले आहे. आणि ते देणारा मारणाऱ्यांवर सूड न उगवता त्यांना क्षमा करतो. या कसोटीवर असोळण्याच्या किल्ल्यातील कृत्य टिकत नाही. ही कसोटी स्टीफन्स यांनी राज्यकर्त्यांना उद्देशून मांडली, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्यांनी ती साष्टीतील लोकांच्या हाती त्यांच्याच काव्यभाषेत दिली. क्षमेचा हा अर्थ एकदा मराठी ओवीत आल्यावर तो राज्यकर्त्यांच्या ताब्यात राहिला नाही. भाषेवर बंदी आली, छापील प्रती नाहीशा झाल्या, वाचणारी कुटुंबे परागंदा झाली आणि बंदिवासात गेली. तरी ग्रंथ त्यांच्या मुखी राहिला. 'ख्रिस्तपुराणा'चा पुढील अभ्यास भाषास्तुतीच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या पुराणातील यातनापर्वाकडे वळला, तर मराठीत पाप, प्रायश्चित्त आणि क्षमा या कल्पनांचा इतिहास अधिक नेमकेपणाने लिहिता येईल.